कॅसेट कंपनी गेली, पण कलाकार मोकळा झाला का?

टाळकरी
आमचं भारुडाचं मंडळ आहे. कॅसेटच्या काळात वडीलधाऱ्यांनी मुंबईत जाऊन रेकॉर्डिंग केलं. एकदाच मानधन मिळालं, हक्क कंपनीकडे गेले. किती कॅसेट खपल्या, कधी कळलं नाही. आज नाथांचं तेच भारुड आम्ही देवळात मोबाईलवर रेकॉर्ड करतो. टाळांचा आवाज फाटतो म्हणून टाळकरी मागे खांबाजवळ, पखवाज पुढे. रात्री यूट्यूबवर टाकलं की कार्यक्रमाच्या सुपारीसाठी थेट सुरतेहून फोन येतो. मधे कुणी नाही. मी याला स्वातंत्र्यच म्हणेन.

हिशेबनीस
मला हे अजिबात पटत नाही. मालक बदलला, एवढंच. २०१८ पासून यूट्यूबवर लांब व्हिडिओंना जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं. त्यानंतरही त्या पैशातले ४५ टक्के यूट्यूबचे. स्पॉटिफायवर २०२४ पासून, वर्षात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याची रॉयल्टीच नाही. हे नियम ठरवताना तुमच्या मंडळाला कोण विचारतं?

टाळकरी
कोणीच नाही. पण आमची कमाई सुपारीची आहे, जाहिरातीची नाही. व्हिडिओ बघून लोक बोलावतात आणि रेकॉर्डिंग आमच्याच मालकीचं राहतं. वडिलांच्या पिढीला यातलं काहीच मिळालं नाही.

पेटीवाली
मालकीचं म्हणता, पण ती सिद्ध करत बसावं लागतं. मी तुकोबांचा अभंग पारंपरिक चालीत, स्वतः पेटी वाजवून गायले, तरी यूट्यूबवर एका कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द सर्वांचे होतात. तुकोबा तर सतराव्या शतकातले! हरकत घेतली. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तोवर आषाढी होऊन गेली. अभंग ऐकले जातात ते त्याच दिवसांत. तरीही मी गाणं टाकायचं थांबवणार नाही, कारण दुसरीकडे मला कुणी गाऊच देत नव्हतं.

हिशेबनीस
म्हणजे त्रास खरा आहे, हे मान्य. आता एक सांगा टाळकरी, चॅनल कुणाच्या नावावर आहे? पैसे एकाच खात्यात येतात ना? पखवाजवाल्याला त्यातलं काय मिळतं? बहुतेक मंडळांत हा विषय कुणी काढतच नाही.

टाळकरी
चॅनल माझ्या नावावर आहे. जाहिरातीचे जे थोडे येतात, ते सुपारीसारखेच वाटतो. पखवाजाचा वाटा गायकाइतकाच. वहीत सगळ्यांच्या सह्या असतात.