कॅलिपारींची हुर्यो : कृतघ्नपणा की उशिरा सुचलेले शहाणपण?

लेक्सिंग्टनकर
केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक जॉन कॅलिपारी फेब्रुवारी २०२५ मध्ये आर्कान्सास विद्यापीठाचा संघ घेऊन केंटकीच्या घरच्या मैदानात, लेक्सिंग्टनच्या रप अरेनात परतले, तेव्हा त्यांची हुर्यो उडवणारे केंटकीचे चाहते कृतघ्न आहेत आणि कॅलिपारींनी मिळवून दिलेले २०१२ चे राष्ट्रीय विजेतेपद मिरवण्याचा त्यांना अधिकार उरलेला नाही, असे 'तटस्थ' यांनी काल लिहिले. गप्प बसणार होतो, पण ज्यांनी हे गाव केवळ टीव्हीवर पाहिले त्यांनी आम्हाला संस्कार शिकवावेत, हे अति झाले. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या केंटकी संघाने अंतिम सामन्यात कॅन्ससला हरवले त्या रात्री मी विद्यार्थी म्हणून स्टेट स्ट्रीटवर होतो आणि लोकांनी पेटवलेले सोफेही पाहिले आहेत; ते ऋण मी नाकारत नाही. माझा प्रश्न नंतरच्या काळाचा आहे. २०१५ मध्ये सलग ३८ सामने जिंकून विस्कॉन्सिनसमोर कोसळल्यानंतर नऊ हंगामांत एकही फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी) नाही. २०२०-२१ मध्ये ९ विजय आणि १६ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून पराभव, २०२४ मध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडकडून! आदल्या वर्षीपर्यंत हिल्सडेल या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळणाऱ्या जॅक गोल्कीने ओकलंडकडून दहा थ्री-पॉइंटर (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केट) मारले. तो तिथूनच मारणार हे प्रेक्षकांना कळत होते, आमच्या प्रशिक्षकांना मात्र कळत नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांची गुणी मुले गोळा करून वर्षभरात एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये धाडणे हे २०१० मध्ये चातुर्य होते. २०२१ नंतर ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची सोय) आणि एनआयएलच्या (खेळाडूंच्या नावा-प्रतिमेच्या वापरातून मिळणाऱ्या) पैशामुळे मुरलेले खेळाडू कुणालाही मिळू लागले, तेव्हा तेच धोरण हट्ट ठरले.

तटस्थ
आपला सिद्धान्त आपल्याच उदाहरणाने मोडतो. सेंट पीटर्सविरुद्ध हरलेल्या संघात ऑस्कर शीब्वे होता, जो वेस्ट व्हर्जिनियातून आलेला अनुभवी खेळाडू आणि त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू होता. त्याने त्या सामन्यात ३० गुण केले. म्हणजे कोवळी मुले हरली तर धोरण चुकले आणि अनुभवी हरले तरी धोरणच चुकले! डिसेंबर २०२१ च्या चक्रीवादळानंतर मदतनिधीसाठी टेलिथॉन करणाऱ्या माणसाची हुर्यो उडवताना काही आठवले नाही का?

लेक्सिंग्टनकर
शीब्वेचा मुद्दा मान्य आहे, घ्या. मग दोष वयाचा नसून सामना चालवण्याचा आहे, आणि ते कॅलिपारींच्या दृष्टीने अधिक वाईट आहे. टेलिथॉनबद्दल त्यांचे आभार, त्यासाठी ८.६ कोटी डॉलरचा करार मात्र झाला नव्हता.

रीडभक्त
आपण दोघेही मूळ दुखणे टाळत आहात. कॅलिपारींच्या संघातल्या रीड शेपर्डचे आई आणि वडील दोघेही केंटकीकडून खेळलेले, तो स्वतः याच राज्यात वाढलेला, थ्री-पॉइंटरची टक्केवारी बावन्नच्या वर, आणि तरीही त्याला बहुतेक सामन्यांत बाकावरून उठवून आणले जाई. एनबीएने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. माझ्या शेजारचे आजोबा आयुष्यभर हा संघ बघत आले. शेपर्डला बसवलेला पाहून ते टीव्हीचा आवाज बंद करत. इथल्या मुलांना डावलण्याचा हा सगळा इतिहास आहे.

तटस्थ
भूमिपुत्रांचे राजकारण मुंबईत सोडून आलो असे वाटले होते. ते अटलांटिक ओलांडून आलेले दिसते. डेव्हिस शिकागोचा होता, तेव्हा आजोबांनी आवाज बंद केला होता का?

रीडभक्त
आजोबांचा उल्लेख आपण करू नये. आणि त्याच विजेत्या संघात केंटकीतल्याच मेझव्हिलचा डेरियस मिलर चौथ्या वर्षाला होता, हे आपल्याला ठाऊक नसावे. घरचा, जाणता खेळाडू बरोबर होता म्हणूनच ती मुले सांभाळली गेली.

फेएटव्हिलकर
आमच्या आर्कान्सासच्या प्रशिक्षकांवर इतके प्रेम पाहून भरून आले. पहिल्याच वर्षी, दहाव्या मानांकनावरून, त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्सस आणि तुमचेच जुने प्रशिक्षक पिटिनो यांचे सेंट जॉन्स या दोघांना घरी पाठवले. आणि रपमधला सामना कोणी जिंकला, तेही आठवत असेलच.

लेक्सिंग्टनकर
आठवते. त्याच स्पर्धेत पुढे टेक्सास टेकविरुद्ध सोळा गुणांची आघाडी कोणी घालवली, तेही आठवते. अभिनंदन, आता हा छळ तुमच्या वाट्याला आहे.

तटस्थ
रीडभक्तांना एकच विचारतो. केंटकीच्या शालेय बास्केटबॉलमध्ये आजवर सर्वाधिक गुण करणाऱ्या ट्रॅव्हिस पेरीला मुळात कॅलिपारींनीच निवडले होते, आणि कॅलिपारींच्या जागी आपले लाडके मार्क पोप आल्यावर तो एकाच वर्षात ओल मिस या दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. आता डावलले कोणी?

रीडभक्त
पेरी गेला, हे खरे आहे. पण केंटकीतल्या हार्लनचा ट्रेंट नोआ साउथ कॅरोलायना विद्यापीठाशी करार केलेला असतानाही पोप आल्यावर घरी परतला. त्याचे श्रेय कोणाला देणार, ते सांगा.

तटस्थ
करार मोडायला लावण्याचे? ते पूर्णपणे पोप यांचेच.