नव्या ऑफिस-इमारतीला परवानगी देताना कुठली अट घातली तर गाड्या खरंच कमी येतात?

सकाळचा_सिग्नल (प्रश्न)

नमस्कार. शहराच्या नियोजन समितीवर मी नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसते. पेशाने शिक्षिका, वाहतुकीचं शिक्षण नाही. सध्या समोर एका ऑफिस-संकुलाची फाईल आहे. दोन इमारती, २,००० कर्मचारी, तळघरात १,४०० गाड्यांचं पार्किंग. सोबत साठ पानी वाहतूक अहवाल. त्यातली शेवटची चार पानं 'वाहनफेऱ्या कमी करण्याचे उपाय' म्हणून: सायकल स्टँड, कारपूलचं अ‍ॅप, दर्शनी भागात बसचं वेळापत्रक, वर्षातून एक 'गाडीविना दिवस'.

ही चार पानं मी तीनदा वाचली. 'इतक्या गाड्या कमी होतील, नाही झाल्या तर आम्ही अमुक करू' असं एकाही ओळीत नाही. जिकडेतिकडे 'प्रोत्साहन देण्यात येईल'. दिलं की नाही ते बघणार कोण?

पुढच्या बैठकीत मला अट सुचवायची आहे. एकदा वापराचा परवाना हातात पडला की आपलं कोणी ऐकत नाही, एवढं अनुभवाने कळलंय. म्हणून आत्ताच काय लिहून घ्यावं? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. मला मनापासून हवंय हे.

फाटकावरचा_मोजणीदार

ताई, बावीस वर्षं मी गाड्या मोजतोय. सकाळी साडेसहाला फाटकाशी घडीची खुर्ची टाकायची, हातात गणकयंत्र, गाडी आत गेली की एक खटका. गाडीत किती माणसं तेही टिपायचं. बहुतेक वेळा एकच असतो.

एका संकुलाच्या मंजुरीत ८० सायकलींचा स्टँड होता. तीन वर्षांनी मोजणीला गेलो तर तो सापडेचना. शेवटी सुरक्षारक्षकाने नेऊन दाखवला. जनरेटरच्या मागे, तळघरातून गाड्या वर येतात त्या वळणावर. नळ्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, वर मोडक्या खुर्च्या रचलेल्या. वार्षिक अहवालात मात्र त्यापुढे 'पूर्ण' असा शेरा. शेरा खोटा म्हणता येईना, कारण स्टँड होता. अट स्टँडची होती, सायकलींबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: आकड्याची अट घाला. सकाळच्या गर्दीच्या तासात फाटकातून अमुक इतक्याच गाड्या आत येतील, बस्स. त्या कशा कमी करायच्या ते मालकाला ठरवू दे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाला सँटा क्लारा काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) २००० साली वाढीव बांधकामाची परवानगी दिली ती याच धर्तीवर. इमारती बांधा, पण गर्दीच्या वेळी, गर्दीच्या दिशेने कामावर येणाजाणाऱ्या गाड्या वाढता कामा नयेत. मोजणी विद्यापीठाभोवतीच्या सीमेवर. मग पार्किंगचं शुल्क, फुकट बस, गाडी न आणणाऱ्याला रोख रक्कम हे सगळं विद्यापीठाने स्वतःच्या गरजेपोटी नेटाने चालवलं. माउंटन व्ह्यू शहराने गूगलचं मुख्यालय आहे त्या भागातही सकाळी शिरणाऱ्या गाड्यांवर अशीच मर्यादा घातली. तिथे आत जायचे रस्ते तीनच, त्यामुळे मोजणं सोपं.

आणि ते १,४०० पार्किंग. दहातल्या सात माणसांना गाडी आणा म्हणून आमंत्रण आहे ते. तळघर एवढं ठेवलंत तर बाकीच्या चार पानांना काही अर्थ उरत नाही.

तिसऱ्या_मजल्यावरून

मी एका ऑफिसचं प्रशासन सांभाळते, म्हणजे या अटी ज्यांच्या गळ्यात पडतात त्यांच्यातली. आकडा घालाच, पण माणसं गाडी का आणतात तेही ऐका.

आमच्याकडे कारपूल सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई उत्साहाने सामील झाली. दुसऱ्याच आठवड्यात दुपारी तीन वाजता शाळेतून फोन, मुलीला ताप. जिच्या गाडीतून ती येत होती ती मैत्रीण सहापर्यंत बैठकीत. फोन हातात घेऊन ही जिन्याशी उभी, काय करावं सुचेना. शेवटी मीच रिक्षा बघून दिली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःची गाडी घेऊन आली, आणि मग रोजच आणू लागली. तिला दोष कसा देणार?

पुढे आम्ही लेखी नियम केला: जो गाडी आणत नाही त्याला अडीअडचणीला घरी सोडायची टॅक्सी ऑफिसच्या खर्चाने, कारण विचारायचं नाही. वरिष्ठांना वाटलं खर्च हाताबाहेर जाईल. पहिल्या वर्षी सगळ्या ऑफिसने मिळून ती सात वेळा वापरली. लोकांना टॅक्सी नको होती, वेळ आली तर ती मिळेल हा भरवसा हवा होता. तीच बाई आता पुन्हा कारपूलमध्ये आहे.

सकाळचा_सिग्नल

दोघांचेही आभार. हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

पण दोन अडचणी आहेत. विकासक म्हणतो, इतकं पार्किंग तुमच्याच नियमात सक्तीचं आहे, आम्ही कमी कसं करू? आणि ते खरंच आहे, नियमात क्षेत्रफळानुसार किमान जागा ठरवून दिल्यात. दुसरी अडचण शेजारच्या वस्तीची. परवा तिथले लोक भेटायला आले होते. आत पार्किंग कमी केलंत तर गाड्या आमच्या दारात लागतील, म्हणाले. त्यांचंही चुकीचं नाही.

फाटकावरचा_मोजणीदार

पहिलीवर: तो नियम उलटा करता येतो. इंग्लंडमध्ये २००१ साली राष्ट्रीय पातळीवर तसं केलं होतं. २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ऑफिसला ३० चौरस मीटरमागे जास्तीत जास्त एक जागा. त्याहून कमी ठेवायला मोकळीक. नेदरलँड्सने त्याआधीच आणखी कडक धोरण आणलं होतं. मोठ्या शहरांच्या पट्ट्यात स्टेशनलगतच्या ऑफिसांना १०० कर्मचाऱ्यांमागे १० जागा. ते पुढे ढिलं पडलं, कारण कंपनी शेजारच्या गावात जाईल या धास्तीने गावोगावच्या पालिका सवलती देत सुटल्या. म्हणून शेजारच्या पालिकेशी आधी बोलून घ्या, हे मी कळकळीने सांगतो.

तुमच्या समितीला मूळ नियम बदलता येत नसेल तर निदान या फाईलपुरती सूट मागायला लावा. विकासकही नाही म्हणणार नाही. तळघर खोदणं हे बांधकामातलं फार खर्चिक काम, एक मजला वाचला तर त्याला हवाच आहे.

दुसरीवर: वस्तीतल्या लोकांचं म्हणणं आधी सोडवा, इमारत नंतर. रहिवाशांना परवाने, बाहेरच्यांना वेळेची मर्यादा, आणि त्याचा खर्च विकासकाकडून. इमारत सुरू झाल्यावर हे करू म्हणाल तर पहिल्याच महिन्यात त्या गल्ल्या भरतील आणि लोकांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

पार्किंग फुकट ठेवू नका. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी कॅलिफोर्नियातल्या आठ कंपन्यांचा अभ्यास केला. तिथे कर्मचाऱ्याला विचारलं गेलं, फुकटची जागा हवी की तेवढीच रक्कम हातात? एकट्याने गाडी आणणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. कोणावर जबरदस्ती नाही, जागा हवी त्याने जागा घेतली. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम दुसऱ्या वाटेने गेलं. २०१२ पासून, पार्किंगच्या दहापेक्षा जास्त जागा असलेल्या कंपनीमालकाकडून जागेमागे कर, आणि तो पैसा ट्रामसारख्या सार्वजनिक वाहतुकीला.

आता एक सावधगिरीचं. दक्षिण कॅलिफोर्नियात १९८८ पासून एका ठिकाणी १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना फेऱ्या कमी करण्याची योजना सादर करणं सक्तीचं होतं. मालक वैतागले, बराच वेळ कागदपत्रांत जायचा, आणि १९९५ मध्ये राज्याने अशी सक्तीच कायद्याने थांबवली. मी यातून एवढंच घेतलं की जुन्या मालकाच्या मागे योजनांचा ससेमिरा लावण्यापेक्षा नवीन इमारत उभी राहण्याआधी अट घातलेली बरी. तेव्हा त्याला तुमची सही हवी असते.

सहीचंच बोलायचं तर तुमच्या फाईलीत दोन इमारती आहेत. पहिलीचा वापराचा परवाना द्या, दुसरीचा पहिलीच्या मोजणीवर अवलंबून ठेवा. आकडा पाळला नाही तर दुसरी रिकामी राहील. दंड लोक भरून टाकतात, रिकामी इमारत कोणाला परवडत नाही.

तिसऱ्या_मजल्यावरून

दुसऱ्या इमारतीची अट फार आवडली. फक्त शिफ्टवाल्यांचा विचार करा. रात्री अकराला सुटणाऱ्याला बस नसते, त्याची गाडी सकाळच्या गर्दीत येतही नाही. त्याच्यावर शुल्काचा बोजा टाकू नका.

सकाळचा_सिग्नल

शिफ्टचं मनावर घेतलं, अटीत वेळ स्पष्ट लिहीन: सकाळी साडेसात ते साडेदहा. अडीअडचणीची टॅक्सीही घालते. मोजणी कोणी आणि कधी करायची, एवढंच सांगा.

फाटकावरचा_मोजणीदार

विकासकाने नेमलेल्या माणसाने नको. विकासकाकडून अनामत रक्कम घ्या आणि माणूस पालिकेने नेमावा. मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस, सुट्टीला जोडून नाही, शाळा चालू असताना, आणि तारीख आधी कळवायची नाही. वर्षातून दोनदा. दारात सोडून परत जाणाऱ्या टॅक्सीही मोजा, त्या रस्त्यावर येतातच.

आणखी एक. एका मोजणीत मी दर्शनी फाटकावर बसलो होतो. आकडा इतका कमी आला की मला आनंद झाला, खरंच झाला. चहा प्यायला मागच्या बाजूला गेलो तर तिथून गाड्यांची रांग आत चाललेली. नकाशात त्या फाटकावर 'मालवाहतुकीसाठी' असं लिहिलं होतं, म्हणून कोणी माणूसच ठेवला नव्हता. तुमच्या नकाशात मागचं फाटक आहे का बघा.

सकाळचा_सिग्नल

आहे. उत्तरेला, 'सेवा प्रवेशद्वार' म्हणून. अटीत 'फाटक' खोडून 'सर्व फाटकं' केलं.