रद्दीचा पूल: नववीच्या ६२ पोरांकडून खरोखर करून कसा घ्यावा?

नववी_ब

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, सोळावं वर्ष. वर्गात ६२ पोरं, तासिका ३५ मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि "सर, पाणी प्यायला जाऊ?" यातच जातात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गावातल्या दुकानांतला थर्माकोल संपतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी एकाने धरण आणलं. दरवाजे वर-खाली होणारे, एलईडीचे दिवे. मी विचारलं, "दरवाजा वर कशाने जातो रे?" म्हणाला, "बटणाने." आत काय आहे ते मामाला माहीत, आणि मामा पुण्याला. त्या धरणाला मीच पहिला नंबर दिला होता, हेही सांगून टाकतो.

म्हणून यंदा सगळं वर्गात आणि सगळं रद्दीतून. दहा गट केले. प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची पूर्ण उघडलेली दहा पानं, म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅम कागद. दोन बाकांमध्ये ६० सेंटिमीटरचं अंतर, त्यावर पूल टाकायचा. मधोमध बादली टांगून मगाने पाणी ओतत जायचं. लिटरला किलो, वजनं शोधत बसायला नको.

पहिल्या फेरीत फजिती झाली. सायकलच्या स्पोकवर कागद तिरका गुंडाळून पोरांनी झकास नळ्या केल्या (मी झाडूची काडी घ्या म्हणत होतो, त्यांचं बरोबर निघालं). चिकटवायला घरची मैद्याची खळ. पूल कपाटावर वाळत ठेवले आणि दिवाळीची सुट्टी लागली. परत आलो तर उंदरांनी फराळ उरकलेला. दहातले सहा सांध्यापाशी कुरतडलेले. उरलेले चार तपासले, तर तीन ते पाच लिटरला खाली. गंमत म्हणजे नळ्या धड होत्या, दर वेळी सांधाच निसटला.

तर सांधा पक्का कसा करायचा? आणि मार्क कशाला द्यायचे? पडलेल्या पुलाला मार्क दिलेले आमच्या स्टाफरूमला पचत नाहीत.

लॅबवाल्या_बाई

आधी खळीचं. बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, मग तिला कीड-उंदीर लागत नाही. पण ते विष आहे आणि ही पोरं त्याच हातांनी डबा खाणार, तेव्हा ते मनातही आणू नका. फेविकॉलचा एक डबा आणा आणि प्रत्येक गटाला एका झाकणात मोजून द्या. मोजून दिलं की थापत नाहीत.

दुसरं, पुलाआधी एक तास काड्यांना द्या. काडेपेटीच्या काड्या (गूल खरवडून) आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात हा काड्या जोडायचा मेकॅनो खेळवला. तेव्हा ते पुण्याच्या टेल्कोत इंजिनियर होते. तीन काड्या एकत्र आणायच्या तर ट्यूबच्या पोटात बाभळीचा काटा खुपसून भोक पाडायचं आणि त्यातून तिसरी काडी घालायची. पोरांना आधी चौकोन करू द्या. बोट लावलं की तो झोपतो. त्रिकोण झोपत नाही. मग कुणीतरी स्वतःहून चौकोनात तिरकी काडी घालतं. तोवर तुम्ही गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. मी अजून बोलून जाते.

कैचीवाला_मिरज

मी मास्तर नाही. शेडच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणांचे सांगाडे करतो, गोठ्यापासून मंगल कार्यालयापर्यंत. सर, तुमच्या पोरांच्या नळ्या चांगल्या असणारच, पण गोल नळीला गोल नळी टेकते किती? एका ठिपक्यावर. तिथे कुठलाही डिंक काय धरणार?

नळीचं टोक दोन बोटं चपटं करा. वहीच्या पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापा आणि टोकं त्यांच्यामध्ये सँडविचसारखी चिकटवा. आमच्यात याला गसेट प्लेट म्हणतात, आम्ही लोखंडात करतो इतकंच. सगळ्या नळ्यांच्या मधल्या रेघा एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. पुठ्ठ्यावर आधी पेन्सिलने रेघा मारून घ्या. आणि बादली सांध्यालाच टांगा, नळीच्या पोटाला नाही.

खालच्या नळ्यांना ओढ बसते, त्या सहसा दगा देत नाहीत. वरच्यांवर दाब असतो, त्या बाजूला फुगून वाकतात. वरच्या नळ्या आखूड ठेवा. नळी तीच, पण लांबी निम्मी केली तर वाकायला चौपट दाब लागतो. प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबायला सांगा, मग मधोमध चिमटीत पकडून परत दाबायला सांगा. सूत्राआधी हाताला कळतं.

दोन कैच्या समोरासमोर उभ्या केल्या की एकमेकींना आडवं-तिरकं बांधायला विसरू नका. नाहीतर पत्त्यांसारख्या झोपतात. साइटवर आमचीही एक झोपली आहे, खाली कुणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

दहावीची_आई

माझ्या मुलीचा पूल गेल्या वर्षी दोन लिटरला पडला आणि ती रडत घरी आली. शिक्षकांनी लगेच शून्य मांडला होता. दुसऱ्यांदा करायची संधीच नाही. कृपा करून दुसरी फेरी ठेवा. आणि घरी करायला देऊ नका हो, रात्री अकरा वाजता नळ्या मी गुंडाळत होते!

लॅबवाल्या_बाई

मार्कांचं मी असं करते. वीसपैकी चार पहिल्या चित्राला, मापं टाकलेल्या. सात "काय मोडलं" या पानाला: कुठली नळी, कुठला सांधा, आधी काय गेलं, नंतर काय. सहा दुसऱ्या पुलातल्या बदलाला, आणि तो बदल त्या पानावरूनच आलेला हवा. पाण्याला फक्त तीन. स्टाफरूमला पचेल.

मुख्याध्यापक वेळ देत नसतील तर त्यांना पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं सांगा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्याचा एक दिवस हातानेच काम करतात.

नववी_ब

तीन आठवड्यांनी परत आलोय. पी.टी.च्या सरांना पटवून शनिवारी जोडतास मिळवला. एक तास काड्यांत गेला, दोन पूल बांधण्यात, एक तपासण्यात. कैचीवाले दादा, पुठ्ठ्याचं तुम्ही लिहिलेलं फळ्यावर जसंच्या तसं काढलं.

आठ पूल नऊ लिटरच्या वर गेले. दोन पाचच्या आतच पडले, कारण तिरकं बांधायला विसरले. सगळ्यात जास्त १७ लिटर. त्या पुलाचं वजन पुठ्ठ्यासकट २१० ग्रॅम. रिकामी बादली ८०० ग्रॅमची, ती धरायची की नाही यावर दहा मिनिटं भांडण. धरली. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ८५ पट.

त्या गटातली एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही. पाणी पडत होतं आणि ती पुलाला कान लावून बसलेली. तेराव्या लिटरला म्हणाली, "थांबा, कुरकुरतोय." सगळा वर्ग चिडीचूप. मग तिनेच हळूहळू ओतायला सांगितलं, मगाऐवजी पेल्याने. तिच्या पानावरचं वाक्य: "डावीकडून तिसरी वरची नळी आधी पोट काढून वाकली, मग तिचा पुठ्ठा फाटला, बाकी सगळे चांगले होते." आता तिला तिसरा पूल हवाय, वरच्या नळ्या दुहेरी करून. मी सांगितलं, पानं दहाच मिळतील. मग खालच्या बारीक करते म्हणाली.

फक्त प्रयोगशाळेत तळं झालं. शिपाईमामांनी काही न बोलता फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. पुढच्या वेळी पाण्याऐवजी वाळू घेऊ का?

कैचीवाला_मिरज

वाळू नको, तुमचं लिटरचं गणित जाईल. दोर लांब करा आणि बादली जमिनीपासून चार बोटं वर टांगा. पूल तुटला तरी बादली तेवढीच खाली येते, सांडत नाही.