मदत हवी आहे: चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी बोलण्यातले तयार वाक्प्रयोग मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये उपयोजित भाषाविज्ञानात एमए करते आहे. प्रबंधाचा विषय: चीनमधून आलेले विद्यार्थी आयत्या वेळी इंग्रजी बोलताना तयार वाक्प्रयोग कसे वापरतात. रेकॉर्डिंग झालं, लिहूनही काढलं. मोजणीपाशी घोडं अडलंय.

आधी प्रत्येकाने एक मिनिट विचार करून दोन मिनिटं बोलायचं, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या दुसऱ्या भागासारखं. मग त्याच विषयावर माझ्याशी गप्पा. पहिल्या भागात 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी', 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', 'लास्ट बट नॉट लीस्ट' यांची नुसती रेलचेल. (चीनमध्ये आधीच्या परीक्षार्थींनी आठवून लिहिलेले प्रश्न फिरत असतात आणि त्यांची उत्तरं घोटून घेतली जातात, त्यामुळे नवल नाही.) गप्पा सुरू झाल्या की हे सगळं गायब. उरतं 'आय थिंक', तेही जिथे तिथे. 'यू नो', 'आय मीन', 'सॉर्ट ऑफ' जवळपास नाहीच.

पाठांतराला नावं ठेवायची नाहीत. संशोधक डिंग यानरेन यांच्या २००७ च्या अभ्यासातल्या, इंग्रजीच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवलेल्या तिन्ही विद्यार्थ्यांनी धडेच्या धडे पाठ केले होते आणि यशाचं श्रेयही त्यालाच दिलं होतं.

पॉली आणि सायडर या भाषा-अभ्यासकांनी १९८३ मध्ये मांडलं की स्मरणातले असे तयार तुकडे हाताशी असतात म्हणून माणूस अस्खलित बोलतो. म्हणजे तुकड्याच्या आत विराम नको. पण माझी एक विद्यार्थिनी म्हणते, 'ॲज फार ॲज... अं... आय कन्सर्न'. हा पाठ केलेला तुकडा धरायचा की नाही? उलट दुसरा एक जण 'आय व्हेरी लाइक इट' दर वेळी एका दमात म्हणतो. व्याकरणात चूक, पण त्याच्यासाठी तो साचाच आहे. शिवाय शब्द सापडेना की सगळेच 'हाउ टू से' म्हणतात. इंग्रजांच्या कुठल्याही यादीत ते बसणार नाही, काम मात्र चोख करतं.

गाईड म्हणतात, चार शब्दांचे वारंवार येणारे गट सॉफ्टवेअरने काढ. काढले. वर आले ते माझ्याच प्रश्नातले शब्द! कोणी असं काम केलंय का?

खडूफळा: 'फाइन, थँक यू, अँड यू?' किती वेळा आलं ते आधी सांगा.

धागाकर्ती: दर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला. तेवढं मोजणीतून वगळलंय :)

उंटावरचा: वारंवारता आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका आकड्यात कोंबू नका. तयार वाक्प्रयोगांवर काम करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ ॲलिसन रे यांची २००२ ची व्याख्या पाहा: तो गट स्मरणातून अखंड उचललेला असतो, किंवा तसा वाटतो. कोणाच्या स्मरणातून, तर बोलणाऱ्याच्या. म्हणून दोन रकाने करा. एकात इंग्रजीत रूढ असलेले, दुसऱ्यात त्या माणसाचे स्वतःचे. 'आय व्हेरी लाइक इट' आणि 'हाउ टू से' दुसऱ्यात जातील, 'ॲज फार ॲज' पहिल्यात, पण 'तुटलेला' अशी खूण करून. मग प्रात या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) विराम मोजा: तुकड्याच्या आधी, आत आणि नंतर. पाव सेकंदाची मर्यादा बरेच जण धरतात. 'आय थिंक'नंतर लांब विराम असेल तर बोलणारा मत मांडत नाहीये, वेळ काढतोय. तुमचा खरा निष्कर्ष तिथे निघेल असं मला वाटतं.

तुलनेसाठी नानजिंग विद्यापीठाचा चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी बोलण्याचा संग्रह मोठा आहे, पण तो टीईएम-४ या चीनमधल्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याचा, गप्पांचा नव्हे. तुम्हाला लिंडसी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींचा संग्रह, जास्त सोयीचा. त्यातल्या ५३ चिनी मुलाखतींत आधी ठरलेला विषय, मग मोकळ्या गप्पा, शेवटी चित्रवर्णन, म्हणजे चित्र सोडलं तर तुमच्यासारखाच क्रम. ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या तशाच मुलाखती लॉकनेक या संग्रहात मिळतील.

धागाकर्ती: दोन रकाने पटले! लिंडसी ग्रंथालयात विचारते. एकच अडचण: गप्पांत माझंच 'हं, हं' मध्ये येतं. तिथला विराम कोणाच्या खात्यात?

उंटावरचा: जिथे तुमचा आवाज त्यांच्या विरामात घुसतो ती उदाहरणं वेळेच्या मोजणीतून काढा, तुकड्यांच्या मोजणीत ठेवा. आणि किती काढली ते प्रबंधात लिहा, परीक्षक विचारतातच.