राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षकाचे चरित्र मुलांना सांगायचे आहे : कोणाचे निवडावे आणि भर कशावर द्यावा?

धागाकर्ता, रेशीमबाग
नमस्कार. मी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. नागपूरच्या उन्हामुळे उन्हाळी शिबिरातील सराव सकाळी लवकर आटोपावा लागतो; त्यानंतर मुलांना सावलीत बसवून अर्धा तास एखाद्या प्रशिक्षकाच्या आयुष्याविषयी सांगावे, असा विचार आहे. मुले बारा ते पंधरा वर्षांची आहेत. भारतीय फुटबॉल संघाचे एकेकाळचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव माझ्या मनात आहे. मात्र त्यांच्यावरील हिंदी चित्रपट बऱ्याच मुलांनी पाहिलेला असल्याने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक त्यांना आधीच ठाऊक आहे. तरीही त्यांचीच निवड करावी का? केल्यास कोणता भाग सविस्तर सांगावा? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

मोतीबाग
निवड बदलू नका. रहीमसाहेब हैदराबादचे, म्हणजे आपल्याकडून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरचे. मुलांना ते परके वाटणार नाहीत. सुरुवात मात्र सुवर्णपदकापासून न करता १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून करावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. आदल्याच वर्षी दिल्लीत इराणला १-० असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळवले होते, आणि तोच संघ हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभूत झाला. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत. थंड हवेत आणि ओल्या मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

मुलांना विचार करायला लावणारा भाग पुढेच आहे. एवढा दारुण पराभव होऊनही चार वर्षांनी मेलबर्नला संघाची सूत्रे रहीमसाहेबांकडेच होती. तिथे नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा तो आशियातील पहिला देश ठरला. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. पहिला गोल भारताने केला, सामना १-४ असा गमावला आणि पुढे बल्गेरियाकडून हरून चौथे स्थान मिळाले. पदक नसले तरी माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि दहा गोल खाल्लेला संघ चार वर्षांत इथवर कसा पोहोचला, या एका प्रश्नावर तुमचा अर्धा तास सहज भरेल.

कामठीकर
वरील सल्ला उत्तम आहे, परंतु जकार्ता गाळू नये. चित्रपटात पाहिलेले असले, तरी त्यातील प्रशिक्षकाचे निर्णय मुलांना उलगडून दाखवता येतात. १९६२ मध्ये पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले होते. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात त्यांना सतत हेडर घ्यावे लागले असते; म्हणून रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळवले, आणि उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. अंतिम सामन्यासाठी गोलरक्षकही बदलला आणि उंचापुरे पीटर थंगराज मैदानात उतरले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांमुळे त्याच दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत प्रवेश न देण्यावर भारतीय पदाधिकाऱ्याने टीका केल्याने प्रेक्षक भारतीय संघाच्या विरोधात गेले होते, हेही थोडक्यात सांगा. मात्र त्यातच वेळ घालवू नका.

धागाकर्ता, रेशीमबाग
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हेलसिंकी ते मेलबर्न हाच मुख्य भाग ठेवतो. रहीमसाहेबांचे आजारपण मुलांना सांगावे का?

निवृत्त शिक्षिका, धंतोली
अवश्य सांगा, पण दोनच वाक्यांत. ११ जून १९६३ रोजी, म्हणजे सुवर्णपदकानंतर वर्षही पुरे होण्याआधी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. मुलांच्या मनात त्यांचा मृत्यू ठसण्यापेक्षा त्यांची शिकवण ठसावी, असे मला वाटते. ते मुळात शाळेत शिक्षक होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स करंडक ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, ती त्यांच्याच प्रशिक्षणाखाली. आपल्या नागपुरातही हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले. शिक्षकाच्या हातून काय घडू शकते, हे सांगताना तो धागा जोडता येईल.

रहीमसाहेब तरुण खेळाडूंसाठी असे सामने घेत, ज्यांत फक्त कमकुवत पायानेच चेंडू मारायचा असे. खेळाडूने दोन्ही पायांनी सारखेच खेळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे माझा सल्ला असा, की आधी मुलांना पंधरा मिनिटे तसा सामना खेळू द्यावा आणि मगच बोलायला बसावे. उजव्या पायाने खेळणाऱ्याला डाव्या पायाने साधा पास देताना किती अडते, हे तेव्हा कळते. मग हे कोणी आणि कशासाठी सुरू केले, असे मुले आपण होऊन विचारतील.

धागाकर्ता, रेशीमबाग
हे फारच आवडले. येत्या रविवारी सरावाच्या शेवटी तो सामना घेतो. कोणी मदतीला येऊ शकत असेल तर कळवावे, कारण चुकीच्या पायाने मारलेला चेंडू टिपायला एक पंच पुरणार नाही.

कामठीकर
मी येतो. शिटी घेऊन येईन.