बर्ट जान्शला स्टुडिओ मानवला का?

मंद्रसप्तक

ब्रिटिश लोकसंगीतातला गिटारवादक-गायक बर्ट जान्श (१९४३–२०११) याचा विषय निघाला की गाडी हमखास लेड झेपेलिन या रॉक बँडवर जाते आणि तिथेच अडकते. मला आज त्याच्या ध्वनिमुद्रणांवर वाद घालायचा आहे. ग्लासगोत जन्मलेला, एडिंबरात वाढलेला हा माणूस साध्या खोलीत, जवळपास एकटा वाजवतो तेव्हाच पूर्ण ऐकू येतो. निर्माते, वाद्यवृंद, बँड असं जसजसं भोवती जमत गेलं, तसतसा तो झाकला गेला.

१९६५ चा पहिला अल्बम घ्या. ध्वनिमुद्रक बिल लीडर यांनी तो लंडनच्या कॅम्डनमधल्या आपल्या घरी टेपवर उतरवला. जान्शकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती, उसनवारीवर काम भागवलं. ‘ट्रान्सअटलांटिक’ या रेकॉर्ड कंपनीच्या नॅट जोसेफ यांनी ती टेप १०० पौंडांत घेतली. हेरॉइनने गेलेल्या मित्रावरचं ‘नीडल ऑफ डेथ’ त्यात आहे. इतका दुःखाचा विषय, पण गाताना आवाज कुठेही रडवेला होत नाही, गिटार आपल्या चालीने पुढे जात राहते. त्याच अल्बममधली ‘अँजी’ ही धून मूळ गिटारवादक डेव्ही ग्रॅहमची. जान्शने तिच्या मधोमध जाझ वादक नॅट अ‍ॅडरलीच्या ‘वर्क साँग’चा तुकडा घातला आणि तो तिथे असा बसला की जणू आधीपासूनच तिचा होता.

आता १९६७ चा ‘निकोला’ ऐका. काही गाण्यांमागे वाद्यवृंद लावलाय. तंतुवाद्यं सुरू झाली की गिटारचं बोट ऐकायला कान ताणावे लागतात. आणि १९७१ चा ‘रोझमेरी लेन’? पुन्हा तेच बिल लीडर, सामान घेऊन ससेक्समधल्या टाइसहर्स्ट गावी जान्शच्या घरी गेले आणि पुन्हा तोच माणूस सापडला. याला मी योगायोग मानत नाही.

पाचवा_कोन

‘निकोला’बद्दल वाद नाही, तो फसलेलाच आहे. पण एका फसलेल्या अल्बमवरून जान्शच्या ‘पेंटँगल’ या पाच जणांच्या बँडसकट सगळ्यांना घरी पाठवणार?

डॅनी थॉम्पसनचा डबल बेस, टेरी कॉक्सचा ताल, जॅकी मॅक्शीचा आवाज, शेजारी जॉन रेनबर्नची दुसरी गिटार. १९६९ चा ‘बास्केट ऑफ लाइट’ ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातलं ‘लाइट फ्लाइट’ बीबीसीच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं. त्यात पाच आणि सात मात्रांचे तुकडे सटासट बदलतात आणि तरी ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही. अशी गोष्ट एकट्याच्या गिटारीवर होत नाही. त्याच अल्बममध्ये रेनबर्नने सतारही वाजवलीय. त्या काळात सतार म्हणजे बऱ्याच ठिकाणी नुसती सजावट असायची, इथे ती जुन्या लोकगीताच्या अंगाने चालते.

आणि हे सगळं शेल टॅल्मी यांच्यासारख्या, ‘द हू’ आणि ‘किंक्स’ या रॉक बँडचं काम केलेल्या निर्मात्याच्या हाताखाली झालं. स्टुडिओ मानवला नाही म्हणता, मग हे काय आहे?

मंद्रसप्तक

@पाचवा_कोन, ‘पेंटँगल’ उत्तम बँड होता, यात दुमत नाही. माझा प्रश्न त्यात जान्श किती उरला हा आहे.

एकच गोष्ट शेजारी ठेवून ऐका. ‘जॅक ओरायन’ हे जुनं कथागीत त्याने १९६६ मध्ये गायलं, जेमतेम दहा मिनिटांचं. रेनबर्न सोबत आहे, पण दोन गिटारी एकमेकींना टोचत, ढकलत कथा पुढे नेतात. १९७० मध्ये ‘पेंटँगल’ने ‘क्रुएल सिस्टर’वर तेच घेतलं तेव्हा ते अठरा मिनिटांच्या पुढे गेलं, तबकडीची एक अख्खी बाजू. कथा तीच. भर पडली ती इलेक्ट्रिक गिटारची आणि मधल्या वादनाची. पहिल्यात मला पुढे काय होणार याची धाकधूक वाटते, दुसऱ्यात मी वाट पाहत बसतो.

पाचवा_कोन

मग तुमचाच मुद्दा कोसळतो की! ‘क्रुएल सिस्टर’चे निर्माते बिल लीडरच होते. माणूस तोच, निकाल वेगळा. म्हणजे दोष खोलीचा किंवा निर्मात्याचा नाही. लांबवायचं ठरवलं ते वादकांनी.

जुनी_तबकडी

मला या सगळ्या कौतुकातलं ‘१०० पौंड’ खटकतं. त्या अल्बमच्या पुढे दीड लाखाच्या आसपास प्रती खपल्या असं सांगितलं जातं. तरुण पोराकडे गिटार नाही, पैसे नाहीत, म्हणून रेकॉर्डिंग घरात झालं. ती त्याची सौंदर्यदृष्टी नव्हती, ती नड होती. नडीतून चांगलं काही निघालं म्हणून नडच चांगली ठरत नाही. कलाकाराने कायम उसन्या वाद्यावर वाजवावं, म्हणजे आपल्याला ‘अस्सल’ ऐकायला मिळेल, ही अपेक्षा आपण आपल्याकडच्या लोककलावंतांकडूनही करतो, आणि मला ती दोन्हीकडे चुकीची वाटते.

घाटरस्ता

झेपेलिन टाळायचं म्हणता, पण पैशाचा विषय निघालाच आहे तर टाळता येणार नाही. ‘ब्लॅक वॉटर साइड’ जान्शने अ‍ॅन ब्रिग्ज या लोकगायिकेकडून घेतलं. चाल पारंपरिक, पण गिटारची साथ पूर्णपणे त्याची. १९६९ मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेजने त्याच धर्तीवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ वाजवलं, विराम जसानींचा तबला सोबत घेऊन, आणि श्रेय फक्त स्वतःचं लावलं. ट्रान्सअटलांटिकने वकिलांचा सल्ला घेतला, दावा लागला नाही. गाणं ‘सगळ्यांचं’ असलं की वादकाच्या बोटांतली निर्मिती कायद्याला दिसत नाही. माझ्या मते हा अन्याय ‘निकोला’च्या वाद्यवृंदापेक्षा कितीतरी मोठा.

सहा_तारा

मी गिटार वाजवतो, म्हणून त्या साथीबद्दल थोडं. जान्श जाड तार ई सुरावरून डी सुरावर उतरवतो. अंगठा ठोका देतो, पण घड्याळासारखा नाही, मध्येच गप्प बसतो. बोट तारेला हुक घालून वर ओढतं, मग ती पट्टीवर आपटून ‘टच्’ असा आवाज येतो. स्वच्छ वाजवायला शिकलेला माणूस हा आवाज टाळतो, जान्श तोच तालासाठी वापरतो. आणि गळा एका वजनाने चाललेला असताना हात दुसऱ्याच. हे घरातल्या टेपवर कळतं हे मान्य, पण चांगल्या स्टुडिओतही कळतंच.

पुरावा हवा असेल तर ‘अ‍ॅव्होसेट’. १९७० च्या दशकाच्या शेवटी आधी डेन्मार्कमध्ये आलेला, मार्टिन जेन्किन्स आणि डॅनी थॉम्पसन यांच्यासोबतचा. एकही शब्द नाही, सगळ्या रचना पक्ष्यांच्या नावाच्या, पहिली एकटीच अठरा मिनिटांची. इथे लांबी अजिबात जड होत नाही, कारण दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी नवं काही विचारतो आणि बाकीचे उत्तर देतात. ‘लॅपविंग’मध्ये तर जान्श चक्क पियानोवर आहे. @मंद्रसप्तक, तुमच्या यादीत हा अल्बम का नाही?

मंद्रसप्तक

@जुनी_तबकडी, नड होती हे खरं. पण १९७१ मध्ये नड नव्हती. ‘पेंटँगल’ची कमाई आणि नाव दोन्ही होतं, स्टुडिओ मिळाला असता, तरी तो घरीच बसला. म्हणून मी ‘रोझमेरी लेन’चं नाव आवर्जून घेतलं.

@सहा_तारा, ‘अ‍ॅव्होसेट’ मलाही प्रिय आहे. तो तिघांचा अल्बम आहे आणि तिघांचा म्हणून थोर. मला हवा असलेला एकटा जान्श त्यात शेवटच्या ‘किटिवेक’पर्यंत क्वचितच मिळतो.

सहा_तारा

मग वाद स्टुडिओचा राहिलाच नाही, सोबतीचा झाला. आणि सोबतीबद्दल माझं मत उलट आहे. १९८७ च्या गंभीर आजारानंतर दारू सोडून तो परत उभा राहिला. २००० च्या ‘क्रिमसन मून’मध्ये गिटारवादक जॉनी मार आणि बर्नार्ड बटलर त्याच्याबरोबर वाजवतात, २००६ च्या ‘द ब्लॅक स्वान’मध्ये बेथ ऑर्टन गाते. ज्यांनी त्याचं ऐकून वाद्य हातात धरलं ते त्याच्या शेजारी येऊन बसले. त्याने कुणालाही आपल्या मापाने कापलं नाही आणि स्वतःचा हातही बदलला नाही. ‘द ब्लॅक स्वान’ चांगल्या हेडफोनवर ऐका आणि मग सांगा तो कुठे झाकला गेलाय.