तडकलेल्या ड्रमात खत करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी लातूरची. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा घेतलेला आमचा 200 लिटरचा निळा ड्रम यंदा बुडाशी तडकला. केसाएवढी चीर, पण रात्रभरात अर्धा ड्रम रिकामा! चिरेत लांबी (पुट्टी) भरली, तर चार दिवसांत पापुद्र्यासारखी निघून आली. बुडाला त्रिकोणात 2 आकडा आहे, म्हणजे एचडीपीई जातीचं प्लास्टिक. त्यावर साधं काही चिकटत नाही, हे नंतर कळलं.

भंगारवाला न्यायला तयार आहे, पण माझं मन होत नाही. त्या ड्रमनं आमचं घर तगवलंय. आता मधोमध कापून खालच्या भागात ओल्या कचऱ्याचं खत करावं म्हणते. चीर पाणी निथळायला कामी येईल. वरच्या बिनबुडाच्या कड्याचं अंगणात कढीपत्त्याला आळं.

अडचण एकच, गच्चीवर सावली नाही. एप्रिल-मेच्या उन्हात खत वाळून जाईल का? पाणी किती शिंपडायचं? तांदूळ-डाळ धुतलेलं चालेल का? भोकं बाजूनंही पाडावीत का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा. कापायच्या आधी विचारतेय.